देहदानाचा फॉर्म आणि आईचा प्रश्न : अस्थी कुठल्या नेणार?

लालबागचा_पोपट (रविवार, रात्री १०.४२)

मंडळी, एरवी मी इथे मिसळ, मेगाब्लॉक आणि गणपतीतल्या रांगा यावरच तोंड वाजवतो. आज जरा घरचं विचारायचंय.

बाबा ७९ वर्षांचे. गिरणीत साचेखात्यात होते, ८२च्या संपानंतर एका सोसायटीत वॉचमन. बोलणं कमी, ठरवलं की ठरवलं. गेल्या महिन्यात एकटेच बसने जाऊन एका मेडिकल कॉलेजातून देहदानाचा फॉर्म घेऊन आले. नाव, पत्ता, वय सगळं स्वतःच्या अक्षरात भरलेलं, खाली नातेवाइकांच्या सहीच्या दोन जागा मोकळ्या. टीव्हीच्या टेबलावर फॉर्म ठेवला, वर पेन ठेवलं आणि मला म्हणाले, "एक तुझी, एक हिची."

आईने चष्मा लावून फॉर्म पाठपोट वाचला. मग काही न बोलता आत गेली आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.

जेवताना बाबांनीच विषय काढला. म्हणाले, "अगं, गीतेतच सांगितलंय ना, देह म्हणजे जुने कपडे. जुने कपडे आपण बोहारणीला देतोच की!" आई म्हणाली, "बोहारणीला द्यायच्या आधी मी ते धुते, घडी घालते. आणि बदल्यात पातेलं तरी मिळतं."

बाबा हसले, मीही हसलो. आई नाही हसली.

रात्री मला गॅलरीत गाठून म्हणाली, "मी काही अडाणी नाही. डोळे देऊ देत, माझेही घ्या. पण अख्खा माणूस चिरायला द्यायचा? अग्नी नाही, तिसऱ्या दिवशी राख सावडायची नाही, नाशिकला अस्थी कुठल्या नेणार? आणि दहाव्याला कावळ्याने कोणासाठी शिवायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला देहदान पटतं. पण आईला 'अंधश्रद्धा' म्हणून गप्प करायचं नाही. आपल्या परंपरेत देह म्हणजे नक्की काय? टाकून द्यायचा कपडा, की अखंड परत करायची वस्तू? जाणकारांनी लिहा. 'मेल्यावर कोण बघतंय' टाइप प्रतिसाद नकोत, ते मी स्वतःच देऊ शकतो.

टग्या_मुंबईकर (रविवार, रात्री १०.५५)

बोहारीण!! काकूंना इथे आयडी काढून द्या राव. बाकी जागा पकडून बसतोय.

निरीश्वर (रविवार, रात्री ११.२०)

मेल्यावर खरंच कोण बघतंय? प्राण गेला की उरतं ते पाणी, प्रथिनं आणि कॅल्शियम. सरळ सही करा.

टग्या_मुंबईकर (रविवार, रात्री ११.२६)

निरीश्वरराव, आज सकाळी लोकलमध्ये तुमचा पाय शेजारच्याच्या बॅगेला लागला असता तर तुम्ही काय केलं असतं? हात लावून कपाळाला नेला असता की नाही? बॅग तर रेक्झिनची. आपण नास्तिक असतो ते कमरेच्या वर. हलकेच घ्या.

पार्ल्याची_शारदा (सोमवार, सकाळी ७.१०)

पोपटराव, मी संस्कृत शिकवत असे, आता निवृत्त. तुमच्या आईंचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे, म्हणून जरा सविस्तर.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सोळावं सूक्त आहे. अंत्यसंस्कारात त्यातल्या ऋचा आजही म्हटल्या जातात. चंदनवाडीत किंवा शिवाजी पार्कच्या स्मशानात गुरुजी भराभर जे म्हणतात आणि आपल्याला त्या वेळी काही ऐकूच येत नाही, त्यात त्या असतात. तिसरी ऋचा म्हणते, 'सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा'. तुझा डोळा सूर्याकडे जावो, प्राण वाऱ्याकडे. पुढे द्यावापृथिवी म्हणजे आकाश आणि पृथ्वी, पाणी, आणि शेवटी 'ओषधीषु प्रति तिष्ठा शरीरैः', म्हणजे अवयवांनिशी वनस्पतींत जाऊन राहा. एकेक वस्तू ज्याची त्याला परत. नेत्रदानवाल्यांनी ही ओळ कधीच भिंतीवर लावायला हवी होती.

पण हे वाचून बाबांच्या बाजूने लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच सूक्ताची पहिली ऋचा अग्नीला विनवते, 'मैनमग्ने वि दहः', याला पार जाळून टाकू नकोस, आणि 'मास्य त्वचं चिक्षिपो मा शरीरम्', याची त्वचा, याचं शरीर विखरून टाकू नकोस. जाळायला देतानाच म्हणायचं, जपून रे बाबा. तुमच्या आई याहून वेगळं काय म्हणतायत?

गीतेचंही तसंच. 'वासांसि जीर्णानि' सगळ्यांना पाठ, कारण ते सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात असतं. त्याच गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला 'क्षेत्र' म्हटलंय. क्षेत्र म्हणजे शेत. कपडा फाटला की टाकतात. शेत टाकत नाहीत, कसतात, आणि ते कसणाऱ्याच्या आधीही होतं, नंतरही असतं. पाचव्या अध्यायात तर देह म्हणजे नऊ दारांचं नगर. तीन उपमा, तिघींचं आपसात पटत नाही, आणि कोणी ते पटवायलाही गेलं नाही.

समर्थांचं बघा. दासबोधाच्या पहिल्या दशकात 'धन्य धन्य हा नरदेहो' म्हणून स्तवन, आणि तिसऱ्या दशकात त्याच देहाच्या गर्भवासापासूनच्या घाणीचं असं वर्णन की जेवणाआधी वाचू नये. विद्यार्थी विचारायचे, बाई, नक्की काय? मी म्हणायचे, दोन्ही. अंघोळ तुम्ही रोज का करता?

सह्याद्रीचा_वारा (सोमवार, सकाळी ११.०५)

शारदाताईंचा अभ्यास मान्य, पण मूळ मुद्दा राहिला. संस्काराचं नावच अंत्येष्टी. इष्टी म्हणजे यज्ञ, आणि ही शेवटची इष्टी. माणूस आयुष्यभर अग्नीत तूप, समिधा, तांदूळ घालतो आणि शेवटी स्वतःला घालतो. देह तिथे कचरा नसतो, हवी असतो, म्हणजे अग्नीला अर्पण करायची वस्तू. मोडका नारळ देवाला फोडत नाहीत, तुटक्या अक्षता वाहत नाहीत. अक्षता या शब्दाचाच अर्थ न तुटलेल्या. मग हवी अर्धी कशी चालेल? गर्भाधानापासून सोळा संस्कार याच देहावर झाले, सोळावा तेवढा सोयीसाठी गाळायचा?

माझा देहदानाला विरोध नाही, ज्याला करायचं त्याने करावं. पण 'शास्त्राला चालतं' असा शिक्का मारू नका.

आणि कृपया आता कोणी दधीची ऋषींना आणू नका.

निरीश्वर (सोमवार, सकाळी ११.०९)

दधीची ऋषींनी हाडं दिली होती.

टग्या_मुंबईकर (सोमवार, सकाळी ११.१०)

चार मिनिटं. मला वाटलं होतं दोन.

भटजींची_लेक (सोमवार, दुपारी ३.३०)

माझे वडील गिरगावात पौरोहित्य करायचे. बाणगंगेवर त्यांच्याबरोबर मी लहानपणी कितीदा गेलेय. वडील पिंड वळायचे आणि मी तळ्याच्या पायऱ्यांवर बदकं मोजायची. म्हणून पोथीपेक्षा परातीतलं सांगते.

वाऱ्याभाऊ, हवीचा मुद्दा पक्का आहे. पण पोपटदादांच्या आईची भीती वेगळी आहे. त्यांना वाटतंय, इथे चिरलेला माणूस तिथे अपुरा पोचेल. तर मग दहा दिवस आपण काय करतो ते बघा.

गरुडपुराणाच्या हिशेबाने जळालेला देह संपला. गेलेल्या जिवाला पुढच्या वाटेसाठी नवा देह लागतो आणि तो पिंडांनी बनतो. पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, मग पाठ, बेंबी, कंबर, मांड्या असं करत नवव्यापर्यंत पाय. दहाव्या दिवशी त्याला भूक आणि तहान लागते. दहाव्याला कावळ्याची एवढी घाई का, तर देह आत्ता कुठे पुरा झालाय आणि पहिल्यांदा भूक लागलीय. हा नवा देह किती मोठा? हातभर. वडील भात मळताना म्हणायचे, "हा मुलगा आता आपल्या बापाची आई झालाय बघ, नवा जन्म देतोय." गुडघ्यावर बसलेला मोठा बाप्या त्या वाक्याला हमखास रडायचा.

सांगायचं ते एवढंच की तो देह तांदळाचा असतो. जुन्या देहातले डोळे कोणाला दिले, मूत्रपिंड कुठे गेलं, याचा त्यात हिशेबच नाही.

दुसरं, देह हाती नसेल तर काय याची सोयही जुनीच. समुद्रात बुडाला, परदेशात गेला, सापडलाच नाही. त्याला पालाशविधी म्हणतात. पळसाच्या ३६० पानांचा माणूस करायचा, डोक्याला नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. ३६०च का? चरकाने हाडांची गणती ३६० दिली आहे, दात आणि नखं धरून. हाडाला एक पान. गिरगावातच राहिलेल्या भारतरत्न पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळं सापडेल. देहदान केलेल्या दोन घरी वडिलांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिलेला मी पाहिलाय. काही गुरुजी नाही म्हणतात. वडील म्हणायचे, "माणूस दर्याला गेला तर चालतं आणि दवाखान्यात गेला तर चालत नाही, असं कसं?"

सह्याद्रीचा_वारा (सोमवार, दुपारी ४.१५)

पालाशविधी देह मिळत नाही तेव्हाचा. इथे देह हाताशी असून आपण देऊन टाकतोय. हा फरक आहे. पण तांदळाच्या देहाचं ध्यानात आलं नव्हतं, ते मान्य.

फॉर्मालिनवाली (सोमवार, रात्री ९.५०)

आयडीवरून कळलं असेलच. शरीररचनाशास्त्र शिकवते. कुठे ते विचारू नका.

वर्षाच्या सुरुवातीला नवी मुलं हॉलमध्ये येतात तेव्हा आधी शपथ होते. देहासमोर उभं राहून म्हणायची की हा आमचा पहिला गुरू, याचा मान ठेवू, हसणार नाही, फोटो काढणार नाही. कोणी फूल ठेवतं. मग मांडीतल्या धमनीतून फॉर्मालिन भरलेला तो देह, एका टेबलाभोवती दहाबारा मुलं, नाकाला झोंबणारा वास आणि पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडत नाही. आम्ही छाती आणि काखेपासून सुरुवात करतो. चेहऱ्यावर कापड असतं.

मुलं चेहऱ्याने नाही, हातांनी हलतात. एका वर्षी एक आजोबा होते. मुलगी हात साफ करत होती, थांबली आणि मला बोलावलं. डाव्या तर्जनीच्या नखावर मतदानाची शाई होती. अर्धवट वाढून वर सरकलेली. म्हणजे महिना-दोन महिन्यांपूर्वी हे गृहस्थ रांगेत उभे होते. त्या दिवशी त्या टेबलावर पुढे काही शिकवणं झालं नाही. मी पण आग्रह धरला नाही.

शारदाताई, तुमच्या यादीत सुश्रुत राहिला. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्याने देह कसा तयार करायचा ते दिलंय. सगळे अवयव शाबूत असलेला देह घ्यायचा, विषाने मेलेला नको, दीर्घ आजाराने नको, शंभरी गाठलेला नको. आतडी साफ करून मुंज गवताने, सालीने, कुशाने गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत आडोशाला ठेवायचा. सात रात्रींनी काढून वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासायचा आणि एकेक थर डोळ्यांनी बघायचा. म्हणतो, शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं एकत्र आलं की ज्ञान वाढतं. कुंचा का, सुरी का नाही? माझा अंदाज, मृतदेहाला शस्त्र लावण्याचा संकोच असावा. पण बघायचं तर होतंच. हाडं त्याने ३०० मोजली, चरकाची ३६०, आम्ही शिकवतो २०६. पुढे चिरफाड इथे इतकी मागे पडली की १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा ती बातमी झाली. आपलं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतरचं, १८४५चं.

आता कामाचं. नेत्रदान सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पंखा बंद करा, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी. पंधरावीस मिनिटांचं काम आणि चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रदान करून देहदान करता येतं. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं दान वेगळं. ते बहुतेक वेळा मेंदू मृत झाल्यावर, रुग्णालयातच, १९९४च्या कायद्याने. ते झालं तर पुढे देह शिक्षणासाठी सहसा घेत नाहीत. पोलीस केस, शवविच्छेदन, काही संसर्ग असतील तरी घेत नाहीत. आणि फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. त्या वेळी घरच्यांनी फोन केला तरच. म्हणजे खरी सही आईंचीच.

बीडीडी_पाच_नंबर (मंगळवार, सकाळी ८.२०)

शपथ, फूल, पहिला गुरू. चांगलं आहे. मॅडम, आता हेही सांगा की देहदानाचे फॉर्म यायच्या आधी तुमच्या टेबलांवर कोण असायचं?

फॉर्मालिनवाली (मंगळवार, सकाळी ८.४५)

बेवारस. १९४९चा शरीरशास्त्र कायदा मुळात त्यासाठीच आहे. रुग्णालयात गेलेला, कोणी न्यायला न आलेला माणूस. फुटपाथवरचे, स्टेशनवरचे, कामासाठी मुंबईत येऊन एकटे राहिलेले. मी शिकले ती त्यांच्यावरच. तेव्हा शपथ नव्हती.

बीडीडी_पाच_नंबर (मंगळवार, सकाळी ९.३०)

खरं बोललात, आभार. म्हणून मी म्हणतो, 'हिंदू परंपरेत देहाचा अर्थ' असा एक नसतो. कोणाचा देह ते आधी विचारायचं. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या तोंडापासून पायापर्यंत चार वर्ण लावून दिले. वर शारदाताईंनी इतकं सगळं सांगितलं, हे सोडलं. माझ्या पणज्याला गावात मेलेलं ढोर ओढायला लागायचं. त्याचा हात लागला की जिवंत माणूस बाटायचा आणि मेलेलं जनावर मात्र त्याच्याच हाताने हलायचं.

आणि उत्तरही आमच्याकडूनच आलं, सातशे वर्षांपूर्वी. चोखोबांची सोयराबाई म्हणाली, 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो जाहला कवण धर्म ॥' विटाळातूनच तर देह होतो, मग सोवळा कोण? बाईने हे म्हणावं, तेही आमच्या बाईने. यावर शास्त्रार्थ करायला कोणी पुढे आल्याचं ऐकलं नाही.

गंमत बघा. पाय सगळ्यात खालचे म्हणायचे आणि डोकं टेकवायचं ते पायावरच. पंढरपूरला लोक चोवीस चोवीस तास उभे राहतात ते मुख बघायला नाही, पायाला हात लावायला. आणि ते पाय आम्हाला कधी मिळाले? १९४७ला साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

पोपटदादा, तुझ्या आईवर राग नाही. माझ्या आजीचं पण तेच म्हणणं होतं, दादरला बाबासाहेबांच्या शेजारी जाळा मला. स्मशानाला लागूनच चैत्यभूमी. तिने धम्म घेतला होता, आत्मा मानत नव्हती. तरी जागा ठरलेली.

पार्ल्याची_शारदा (मंगळवार, सकाळी १०.१५)

सोडलं, हे खरं आहे. एकतीस वर्षं शिकवताना पण ती ऋचा मी 'रूपक आहे' म्हणून पुढे सरकवायचे. सोयराबाई अभ्यासक्रमात नव्हती.

सोलापूरकर_इन_मुलुंड (मंगळवार, दुपारी १.००)

एक छोटी भर. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत पुरतात, हातात इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग. संन्याशालाही अग्नी नसतो, तान्ह्या बाळालाही नसतो. आणि वारकऱ्यांनी विचार करावा, आळंदीला १२९६ मध्ये माउली समाधीत बसले, त्यांना कोणता अग्नी दिला? 'अग्नी नाही म्हणजे गती नाही' हे सरसकट कधीच नव्हतं.

अवांतर : लहानपणी मला वाटायचं, आजोबा खाली बसून कंटाळत असतील.

मधलं_स्टेशन (मंगळवार, रात्री ११.३५)

हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझ्या सासऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी फॉर्म भरला होता. कार्ड लॅमिनेट करून पाकिटात. वारले ते एका शनिवारी रात्री साडेअकराला. कार्डावरच्या नंबरवर फोन केला, कोणी उचलेना. दुसरीकडे लावला, ते म्हणाले सकाळी बघू, ऑफिस बंद आहे. तिसऱ्यांनी आजाराचे कागद मागितले आणि ऐकून नाही म्हणाले. पहाटे चारपर्यंत नवरा फोनवर, सासूबाई देहाशेजारी. नातेवाईक विचारतात, नेणार कधी? आणि आमच्याकडे तिरडीसुद्धा सांगितलेली नाही, कारण लागणारच नव्हती. शेवटी सकाळी विद्युतदाहिनीत नेलं.

सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस म्हणायच्या, "त्यांना कोणी घेतलंच नाही." मला ते वाक्य अजून सहन होत नाही. जळले, अस्थी मिळाल्या, सगळं झालं, तरी त्यांच्या मनात नवरा 'नको' म्हणून परत आलेला.

तेव्हा सही करा, पण दोन जागांचे नंबर घ्या, सुट्टीच्या रात्री कोण उचलतं ते आधी विचारून ठेवा, आणि तिरडीवाल्याचाही नंबर असू द्या. आणि आईंना आधीच सांगा की 'नाही' म्हणाले तर तो त्यांचा अपमान नाही.

फॉर्मालिनवाली (बुधवार, सकाळी ७.४०)

मधलं स्टेशन, वाचून वाईट वाटलं. असं होतं. सफाई देत नाही.

लालबागचा_पोपट (रविवार, संध्याकाळी ६.१५)

सगळ्यांचे आभार. काल दुपारी आई मेथी निवडत बसली होती, तिला सगळा धागा मोबाईलवरून वाचून दाखवला. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज तासभर आला नाही.

ऋग्वेदाला आई म्हणाली, "बघ, 'जपून' म्हटलंय." कपडा की शेत यावर म्हणाली, शेतच, आणि सातबारा दोघांच्या नावावर असतो. तांदळाच्या देहाला निवडायची थांबली. "हातभर?" एवढंच विचारलं आणि मेथीची काडी हातभर अंतरावर धरून बघितली. सोयराबाईचा अभंग तिला पुरा येत होता, तिने मला दुरुस्त केलं. मतदानाच्या शाईवर बराच वेळ गप्प बसली. मग बाबांना म्हणाली, "तुम्ही अंगठी घालत नाही, घड्याळ घालत नाही. तुम्हाला कोण कशावरून ओळखणार?" बाबांनी पेपरच्या मागून डावा हात बाहेर काढला. साच्यात अडकून मधल्या बोटाचं टोक गेलेलं आहे, १९७१ पासून. आई म्हणाली, "अर्धवटच आहात मुळात."

मग तिने मला एक प्रश्न लिहायला सांगितला. फॉर्मालिनवाली मॅडम, आई विचारतेय, द्यायच्या आधी घरी अंघोळ घालता येते का? पाय धुवायचेत, तोंडात तुळशीचं पान आणि गंगा ठेवायचीय. ते काढून टाकतात का?

फॉर्मालिनवाली (रविवार, संध्याकाळी ६.५०)

अंघोळ घाला, पाय धुवा, तुळस ठेवा, हार घाला, आरती करा. फक्त वेळ सांभाळा. तुळशीचं पान नंतर आम्हाला सापडतं. टाकत नाही, हॉलच्या खिडकीत कुंडी आहे, तिच्यात ठेवतो. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. आमच्या शिपाईमामांनी सुरू केलंय.

भटजींची_लेक (रविवार, संध्याकाळी ७.०५)

काकूंना सांगा, पुतळ्याचे दर्भ लागतील तेव्हा मी आणून देईन. आणि कावळ्याला मुंबईत पत्ता सांगावा लागत नाही.

टग्या_मुंबईकर (रविवार, संध्याकाळी ७.२०)

आणि सही?

लालबागचा_पोपट (रविवार, रात्री ९.३०)

माझी झाली. आई म्हणाली, चातुर्मास संपू दे, मग बघते.

बाबा म्हणाले, "मी तोवर थांबेन का ते तरी विचार."

आई म्हणाली, "थांबाल. फॉर्म माझ्या कपाटात आहे."